बैठकीला मागे उतार

लाकूडबाजारात तिला पटाशी म्हणत. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नव्हती. चिरलेली फळी चांगल्या बाजूने दाखवून गळ्यात मारू बघणाऱ्या एका वखारवाल्याला तिने भर बाजारात असं सोलून काढलं होतं, की अजूनही ती दिसली की तो आपणहून फळी उलटी करतो. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. हातात हत्यार आलं की मात्र हात थंड. दातओठ खात असतानासुद्धा तिचा रंधा फळीवरून असा निघायचा की सालपट या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड यावं.

टेबलं, कपाटं, पलंग, सगळं ती करायची, सबंध लाकडाचं आणि हाताने. पण नाव होतं ते खुर्च्यांचं. एका माणसाची एक खुर्ची, त्याच्या अंगाच्या मापाची. धंदा बाबांचा. बाबांनी तो शिकवायला घेतला होता दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला. दादाने अभ्यासाचं निमित्त करून काढता पाय घेतला आणि पुढे कचेरीतल्या चाकांच्या खुर्चीत जाऊन बसला. धाकटी भुशात खेळता खेळता कधी रंधा धरायला लागली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढे बाबा थकले, तेव्हा दुकान तिच्याकडे आलं आणि बाबा दादाकडे गेले. वाटणी झाली ती अशी, आणि ती बरोबर झाली की नाही याचा विचार करायला तिला कधी सवड मिळाली नव्हती.

तर हा दादा एका दुपारी कचेरीतून मधेच उठून दुकानात आला. रुमालाने स्टूल पुसून बसला. सुताराचा मुलगा, पण भुशाला असा भ्यायचा की जणू तो चावतो.

"चहा सांगू?"

"नको. एक खुर्ची करून हवी आहे. बाबांसाठी."

तिने रंधा खाली ठेवला. तिला खरंच आनंद झाला. दादाच्या घरात सगळं सामान खोक्यातून आलेलं आणि स्क्रूने जोडलेलं. त्यात बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले पाहून दर वेळी तिचा जीव तुटायचा.

"आधी नाही का बोलायचं? उद्याच येते माप घ्यायला."

"माप नको. मी सांगतो तशी कर. बैठक खाली घे, बरीच खाली. खोल कर. मागे चांगला उतार दे. हात अर्ध्यावरच संपव. आणि पुढच्या दोन पायांत खाली आडपट्टी घाल."

ती हसायला लागली. "दादा, सगळंच विसरलास की रे! अशा खुर्चीतून म्हातारा माणूस उठेल कसा?"

दादा जमिनीवरच्या सालपटांकडे बघत राहिला.

"उठायलाच नको आहेत ते," तो म्हणाला.

तिचं हसू तोंडावरच राहिलं.

दादा बोलत सुटला. बाबा दिवसभर उठतात. बसवलं की उठतात. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात, दुकानात, गिऱ्हाईक आलंय. कधी सगळं समजतं, कधी काहीच नाही, पण उठायचं मात्र विसरत नाहीत. न्हाणीघरात पडले. दारात पडले, तेव्हा कपाळाला टाके पडले. डॉक्टर म्हणतात, एकदा खुब्याचं हाड मोडलं की संपलं. मऊ सोफ्यात बसवून पाहिलं, तर त्यातून घरंगळून खाली येतात.

"म्हटलं, तू केलीस तर निदान त्यांना कुठे रुतणार नाही," दादा म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती गेली. आणि ती दादाच्या मागणीने जेवढी गेली, त्याहून जास्त त्याच्या नेमकेपणाने. बैठक खाली नको, कारण मग गुडघ्यांना जोर मिळत नाही. मागे फार उतार नको, माणूस आपल्याच वजनाने अडकतो. हात पुढच्या कडेपर्यंत हवेत, रेटा द्यायला. पुढे आडपट्टी नको, कारण उठताना टाचा मागे जायला लागतात. हे बाबा त्या दोघांना इतक्यांदा सांगत की झोपेतही पाठ म्हणून दाखवता आलं असतं. गिऱ्हाइकाला ते खुर्चीत बसवत आणि तो पाठ टेकून "वा" म्हणाला की म्हणत, "बसून काय बघताय, बसायला काय लागतं? उठून बघा." मग दाराशी जाऊन एकदम "आग! आग!" असं ओरडत आणि तो कसा उठतो ते बघत. एकदा एक जाडजूड सावकार उठला तो खुर्चीसकट उठला. बाबांनी खुर्ची काढून घेतली आणि माफी मागितली ती खुर्चीची. दादा तेव्हा पोट धरून हसला होता. आणि आता तोच दादा बाबांनी टाळायला शिकवलेली एकेक चूक ओळीने मागत होता. असं काही सुचायला सुताराच्याच घरात वाढावं लागतं.

"दोरी आण ना बाजारातून!" ती ओरडली. "बांधून टाक! एवढं लाकूड कशाला नासतोस?"

"हळू बोल."

"का? लोक ऐकतील? ऐकू देत! ज्या माणसाने जन्मभर लोकांना उठायला सोप्या खुर्च्या केल्या, त्याला तू त्याच्याच मुलीच्या हातून कोंडून घालणार? लाज कुठे गहाण टाकलीस?"

"तू येऊन एक दिवस बघ..."

"चालता हो आधी!"

दादा गेला. पँटीला लागलेला भुसा मात्र दारात उभं राहून झटकून गेला. तो भुसा पाहून ती आणखी भडकली.

मग तिने खुर्ची केली. दादाने मागितलेली नव्हे, त्याच्या बरोबर उलटी. हातातली कामं बाजूला सारली. दादा कचेरीत असताना त्याच्या घरी जाऊन बाबांचं माप घेतलं. फीत नाही, बाबांच्याच पद्धतीने लाकडाची पट्टी पायाशी धरून तिच्यावर खुणा. गुडघ्यामागच्या वळणापासून टाचेपर्यंत. कोपरापासून बैठकीपर्यंत. बाबांच्या नडग्या नुसत्या काठ्या झाल्या होत्या. ते खाली बघत म्हणाले, "खूण बारीक कर, जाड पेन्सिलीने माप फुगतं." त्या दिवशी त्यांना सगळं समजत होतं. वहिनी आत काहीतरी उकळत ठेवून दर थोड्या वेळाने दारातून डोकावत होत्या. तिने त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. तिचा रागच एवढा मोठा होता की त्यात दुसरं कुणी मावत नव्हतं.

दुकानात जपून ठेवलेलं अक्रोडाचं लाकूड तिने काढलं. बैठक बाबांच्या गुडघ्याहून किंचित वर घेतली, पटाशीने मधोमध जेमतेम कोरली, म्हणजे माणूस नीट बसेल पण आत रुतणार नाही. हात पुढच्या कडेच्याही थोडे पुढे काढले आणि टोकाशी गोल केले, बाबांची बोटं वाकतात तेवढेच गोल. पायाचा कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, असा बसवला की मोगरीचा शेवटचा ठोका मारताना आत कोंडलेली हवा फुसकन बाहेर यावी. प्रत्येक ठोक्याला ती दादाला एक शिवी देत होती आणि प्रत्येक सांधा केसभरही फट न राहता मिळत होता. रागाने एवढं चांगलं काम होतं हे तिला पहिल्यांदाच कळलं.

सुट्टीच्या दिवशी खुर्ची पोचवली, मुद्दाम दादा घरी असताना. बाबा बसले. हातांच्या टोकांवर त्यांची बोटं आपोआप वळली. टाचा मागे गेल्या, पाठ पुढे आली आणि बाबा उठले. धडपड नाही, कण्हणं नाही. पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठून तिच्याकडे बघून हसले. "बेस," म्हणाले. हा शब्द त्यांनी तिच्या कामाला आजवर वापरलेला नव्हता.

तिने दादाकडे पाहिलं. दादाने खिडकीकडे पाहिलं.

"छान झाली आहे, वन्सं," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

ती तरंगतच दुकानात परतली. आता हे प्रकरण मिटलं, असं तिला वाटलं.

पुढे काही दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी दुकानाची पायरी चढलेली नव्हती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. ती हातातली करवत टाकून पुढे झाली.

"अगंबाई! हे काय झालं, वहिनी? बसा ना."

"उभीच बरी. शेजारणीला बाबांजवळ बसवून आले आहे, लगेच जायचंय." वहिनींचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "तुमची खुर्ची फार सुंदर आहे, वन्सं. येणारा-जाणारा विचारतो, कोणी केली. आधी बाबा उठायचे ना, तेव्हा ऐकू यायचं. ती प्लॅस्टिकची करकरायची, ते कण्हायचे, मी हातातलं टाकून धावायचे आणि पोचायचे. तुमच्या खुर्चीतून उठताना आवाजच होत नाही. परवा बघते तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर. मागून धरलं. ते नाही पडले. मी पडले."

तिला सुचलं ते चुकीचं सुचलं.

"दादाला सांगून एखादी बाई ठेवायची..."

"दोन आल्या. दोघींना बाबांनी शिव्या घालून पिटाळलं. त्यांचा राग ठाऊक आहे ना? तुमच्याकडेच तर आलाय."

"पण वहिनी, माणसाला असं बसवून ठेवायचं म्हणजे..."

"तू गप्प बस!"

वहिनींनी तिला तू म्हणण्याची ही पहिली वेळ. दोघीही दचकल्या, पण वहिनी थांबल्या नाहीत.

"गप्प बस आणि ऐक! तुझा राग फार छान आहे गं. दादाला चार शब्द ऐकवतो, खुर्ची पोचवतो आणि संध्याकाळ झाली की आपल्या घरी जाऊन झोपतो. माझा राग कुठे जाणार? मी रागावून बसले तर त्यांना भरवणार कोण, त्यांचे कपडे कोण बदलणार? तू आलीस, नडगीचं माप घेतलंस, गुडघ्याचं घेतलंस. माझं घेतलंस? मी एका दिवसात किती वेळा वाकते, कधी विचारलंस? मी बांधून ठेवणारी बाई नाही. मला फक्त न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायचं असतं, तेवढा वेळ ते बसून राहिले तर हवेत. नसेल जमत, तर घेऊन ये त्यांना इथे. ठेव या करवतींत."

तिने नकळत दुकानभर नजर फिरवली. भिंतीवर ओळीने करवती, फळ्यांची थप्पी, पायात सगळीकडे तुकडे. ती स्वतः राहायची ती वरच्या खोलीत, आणि तिकडे जायचा जिना म्हणजे नुसती शिडी. यातलं काय हलवता येईल, असं ती खरोखर शोधत होती. काही सापडलं नाही.

"आडपट्टी घातली नाहीस तरी चालेल," वहिनी आवाज जरा खाली आणून म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात उचलला, तो वर येईना, मग डाव्याने पुसले.

"नाही," ती म्हणाली. "आडपट्टी नसली तर ते उठतील."

दुसरी खुर्ची तिने केली ती तोंड शिवून. शिव्या द्यायच्या तर कुणाला? बाबांच्या मापाची पट्टी समोर होतीच. ती उलटी वाचायची एवढंच काम. बैठक किती खाली गेली की बाबांना उठता येणार नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचा तिला संताप येत होता. अर्धी झाल्यावर ती स्वतः बसून पाहत राहिली. उतार आणखी थोडा वाढवला. पाठीला मऊ वळण दिलं, हात अर्ध्यावर संपवले, त्यांच्या कडा मात्र बोटाला लागणार नाहीत इतक्या घासल्या. रंधा दोनदा उलट्या रेषेत गेला आणि लाकूड उचकटलं. असं तिच्या हातून शिकाऊपणीसुद्धा झालं नव्हतं. तो भाग तिने पुन्हा तासला. वाईट हेतूची खुर्ची वाईट करायची म्हटलं तरी तिच्याने होईना. शेवटी आडपट्टी घातली आणि ठोकली.

बाबांना बसवलं तेव्हा सगळे तिथे होते. बाबांनी पाठ टेकली. बरं वाटलं असावं, डोळे जरा मिटले. मग नेहमीसारखं त्यांना दुकानात जायचं आठवलं. हात पुढे सरकले आणि मधेच संपले. बोटं थोडा वेळ हवेत शोधत राहिली. टाच मागे गेली आणि आडपट्टीवर ठक्कन आपटली. बाबा थांबले. मान खाली घालून त्यांनी पायांमधून पाहिलं, बैठकीच्या कडेखाली हात घालून चाचपलं. त्यांचा चेहरा एकदम जागा झाला.

"आडपट्टी कोणी घातली?"



"मी घातली," ती म्हणाली.

"माप कोणाचं?"

"तुमचंच, बाबा."

"माझं नाही हे." त्यांचा आवाज दुकानातला झाला, गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "हे तुमच्या सोयीचं माप आहे."

मग त्यांनी जी शिव्यांची सरबत्ती लावली, ती शेजारच्यांनीही ऐकली असेल. दादाला हरामखोर म्हणाले, वहिनींना नाही नाही ते म्हणाले, आणि तिला म्हणाले, "कारागीर म्हणवून घेतेस?" शिव्या देता देता ते रेटा देत होते. पाठ सुटायची, पुन्हा मागे पडायची. प्रत्येक वेळी टाच आपटत होती. दादा सज्ज्यात निघून गेला.

"उठव मला," बाबा शेवटी धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

ती वाकली. त्यांचे हात तिच्या मानेभोवती आले. तिने त्यांना उचललं, आणि जोर जरुरीपेक्षा जास्त लागला, कारण त्यांचं वजन एवढंसंच उरलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. कपाळावरची टाक्यांची रेघ तिच्या गालाला लागली. बाबा तिच्या कानाशी बोलले, अगदी हळू, फक्त तिलाच ऐकू जाईल असं.

"फोड ही. तुझ्याकडे हत्यारं आहेत. फोड."

बाबांच्या खांद्यावरून तिला समोर वहिनी दिसत होत्या. त्या बाबांना धरायला म्हणून आधीच पुढे आल्या होत्या, एकच हात पुढे करून.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

"मी शिकवलं तुला."

"हो."

"मी शिकवलं!"

"हो, बाबा. तुम्हीच." आणि तिने त्यांना परत खुर्चीत बसवलं. स्वतःच्या हातांनी, पाठ नीट टेकेपर्यंत. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सज्ज्यातून आत येत दादा "बरं झालं एकदाचं" असं काहीतरी पुटपुटला. त्यावर मात्र तिचं टाळकं सटकलं. "बरं? कुणाचं बरं झालं?" ती एवढ्या जोरात ओरडली की दादा दारातच थबकला. "उठायचं म्हणाले की उठवायचं, समजलं? दर वेळी! पुरे म्हणेपर्यंत फिरवून आणायचं. सकाळी मी येणार, दुकान दुपारी उघडेन. संध्याकाळी कचेरी सुटली की थेट घरी यायचं, कोपऱ्यावर सिगारेट फुंकत उभं राहायचं नाही. वहिनींनी आता यांना उचलायचं नाही. एकदा जरी उचललेलं कळलं, तर ही खुर्ची मी तुझ्या कचेरीत आणून ठेवीन आणि तुला तीत बसवीन."

दादाने मान हलवली. वहिनी आत गेल्या, न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला आणि बराच वेळ उघडल्याचा आला नाही.

अक्रोडाची खुर्ची तिने टेम्पोत घालून दुकानात परत आणली आणि कुणी विचारू नये म्हणून तिच्यावर चादर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाच्या घरी गेली. बाबा खुर्चीत होते. ती समोर जाऊन उभी राहिली, "बाबा" म्हणाली. तिने पुन्हा हाक मारली. बाबांनी तिच्याकडे न बघता दोन्ही हात वर केले.